नावाची ओढाताण

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी मेहुण्याने दिली. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी तिच्यावर गरम पातेलं ठेवलं जातं. यंदा मात्र लिहिणार. आज महासंघाचा फोन आला, आणि आता जे काही होईल ते चिटणीस म्हणून माझ्याच गळ्यात येणार आहे. उद्या कोणी म्हणायला नको की हा झोपला होता.

महासंघाचा माणूस म्हणाला, "तुमच्या संघटनेचं नाव?"

"रस्सीखेच संघटना."

"एप्रिलच्या स्पर्धेला तुमच्याकडून दोरीउड्यांचा महिला संघ येतोय. वय चाळीसच्या पुढे, पन्नासच्या आत."

"येतोय म्हणे."

"मग नावात दोरीउड्या कुठे आहेत?"

"नावात नाहीत, हॉलमध्ये आहेत. एक दिवसाआड."

त्याला विनोद कळला नाही. नवीन नियम म्हणे असा आहे, की जो खेळ संघटनेच्या नावात नाही त्याचे खेळाडू मैदानात नाहीत. मार्च संपायच्या आत नाव बदला, नाहीतर त्या बायकांनी घरी बसावं.

आता ही संघटना काढली माझ्या सासऱ्यांनी. ते गेले तेव्हा रश्शाचं शेवटचं टोक माझ्या हातात आलं. शेवटच्या गड्याला आम्ही खुंटा म्हणतो. रस्सा बगलेखालून घेऊन पाठीवर टाकायचा, मागे रेलायचं, आभाळाकडे बघायचं आणि जागचं हलायचं नाही. सासरे सांगायचे, खुंट्याने समोर बघितलं की खेळ संपला. मी आठवडाभर दुकानात वजनकाटे दुरुस्त करतो आणि रविवारी खुंटा असतो. हॉलमध्ये जागा होती म्हणून पुढे दोरीउड्यांवाल्या आल्या, दोर चढणारे आले, दोन खांबांना ताणलेल्या दोरीवरून चालणारा एक आला. आम्ही सगळ्यांना जागा दिली. आता नावही द्यायचं? उद्या म्हणतील आडनाव पण द्या!

हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. म्हणाली, "दोरखेळ संघटना म्हणा की. सगळ्यांच्या हातात दोरीच तर आहे."

मला हसू आलं. म्हटलं, "अगं, इतकं सोपं असतं तर महासंघाने फोन कशाला केला असता? आणि आमचा रस्सा असतो, रस्सा! दोरी कपडे वाळत घालायला असते."

पुढची भाजी तिने जरा जोरातच चिरली.

९ जानेवारी, शुक्रवार

बैठक. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याचं तोंड उघडं असलं तरी त्याला बोलता येत नाही, याची त्यांना इतक्या वर्षांची सवय आहे. ते एकटेच पाऊण तास बोलले. बोलता बोलता म्हणाले, "ही जुनी पाटी आपण आता मनातून पुसून टाकली पाहिजे." पाटीसाठी बोलावलेला पेंटर दारात चहा पीत उभा होता. त्याला 'मनातून' ऐकू आलं नाही की काय कोण जाणे, पण आम्ही मुद्द्यावर येईपर्यंत त्याने पाटी पुसली. सासऱ्यांच्या हातची पाटी! पांढरी फटक!

मी ओरडलो तर म्हणतो, "साहेब, अध्यक्षांनी सांगितलं. नवीन नाव सांगा, आत्ता लिहून देतो."

नवीन नाव! इथे चहात साखर किती यावर एकमत नाही.

हजर होतो ते आम्ही रस्सीवाले. दोरीउड्यांच्या वतीने ड्रिलच्या टीचर. दोरचढीच्या वतीने आमचा खार, म्हणजे वायरिंगवाला. तो बैठकीलाही दोरावर वरच बसतो, म्हणतो खाली करमत नाही. आणि ताणदोरीवाला, बँकेतला कॅशिअर. त्याच्या विभागात तो एकटाच आहे. तरी बोलताना म्हणतो, "आमच्या विभागात यावर दोन मतं आहेत."

१४ जानेवारी, बुधवार

घरी एक नवीनच ताप. सकाळी दाढी करताना डोक्यावर धपधप, धपधप. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे हे गच्चीवरून. आज छताचा पोपडा सरळ चहात पडला. ही फिरायला गेली होती, नाहीतर तिलाच वर पिटाळलं असतं बघायला. परत आली तेव्हा घामाघूम. म्हटलं, "फिरायला जातेस की पळायला?" म्हणाली, "भरभर चालते."

धपधपीबद्दल इमारतीच्या व्यवस्थापकाकडे तोंडी तक्रार केली. तो बघतो म्हणाला. तो गेली कित्येक वर्षं लिफ्टही बघतोय.

१८ जानेवारी, रविवार

अध्यक्षांचं म्हणणं की कुणाचं मन दुखवायचं नसेल तर सगळेच लिहायचे. 'रस्सीखेच, दोरीउड्या, दोरचढ आणि ताणदोरीचलन संघटना'. लगेच भांडण. पहिलं कोण? टीचर म्हणाल्या, आमच्यात माणसं जास्त. खार वरून म्हणाला, उंचीप्रमाणे घ्या. ताणदोरीवाला म्हणाला की शेवटी राहायला त्याची हरकत नाही, पण त्याच्या विभागातल्या काही जणांची असेल.

पेंटरने टेप लावून मोजलं. अक्षरं रस्त्यावरून वाचता यायची असतील तर पाटी दारावरून निघून, पाण्याच्या पाइपाला वळसा घालून शेजारच्या शिंप्याच्या दुकानावर जाते. शिंप्याला विचारायला मीच गेलो, आणखी कोण जाणार! तो म्हणाला, "माझी काही ना नाही. शेवटी 'आणि शिलाई' एवढं टाका."

अध्यक्षांनी यावर विचार करू म्हटलं. खरंच म्हटलं!

२३ जानेवारी, शुक्रवार

बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी गायब. अख्खी. ओला शर्ट खुर्चीच्या पाठीवर, ओली विजार दाराच्या कडीला. हिला विचारलं तर म्हणते, "कुजली होती, टाकली." मी म्हटलं, नवीन आण. "आणते," म्हणाली. धडधाकट दोरी होती ती. हल्ली हिचं घरात लक्ष नाही.

हॉलवर पाटी कोरी आहे म्हणून आज एक माणूस जागा भाड्याने मिळेल का विचारायला आला. त्याला गादी कारखाना काढायचा आहे. दोन गादीवाले आणि एक नृत्यवर्ग आधी येऊन गेलेच आहेत.

१ फेब्रुवारी, रविवार

मला सुचलं! दुकानात काट्याचं पारडं पुसत होतो, आणि एकदम डोक्यात आलं. 'रस्सीखेच व इतर'. बघा काय सुटसुटीत! सासऱ्यांचं नाव तसंच्या तसं पुढे, बाकीचे सगळे मागे, आणि पाटी पाइपाच्या अलीकडे संपते. उद्या कोणी तलवारी घेऊन आला तरी तो 'इतर'मध्ये मावतो. बैठकीत रस्सीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

टीचर उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. म्हणाल्या, "चिटणीस, मी इतर नाही. माझ्या बाया इतर नाहीत. वर्षभर घाम गाळलाय त्यांनी. त्यातली एक तर पुढच्या वर्षी पन्नाशीची होतेय. मग तिला गटच नाही. तिची ही पहिली स्पर्धा आणि हीच शेवटची."

मी म्हटलं, "टीचर, सगळ्यांना बरोबर घेऊनच जायचंय."

शेजारी मेहुणा बसला होता, त्याला ठसका लागला. पाठीत दोन रट्टे घातले तरी थांबेना. हसत होता की काय, कळलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

हिचा वाढदिवस. एकोणपन्नास. विसरलो नव्हतो, दुपारी आठवलाच. संध्याकाळी केक नेला. म्हटलं, "पुढच्या वर्षी पन्नाशी दणक्यात करू."

म्हणाली, "पुढच्या वर्षी उशीर होईल."

"कशाला?"

"काही नाही. केक कापा."

तिने एकच छोटा तुकडा खाल्ला. हल्ली कमीच खाते. गुडघ्याला क्रेप बँडेजही दिसलं. विचारलं तर म्हणते, जिना. म्हटलं, वय झालं की असंच होतं. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं, ते मी सासूबाईंनंतर कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

महासंघाला 'व इतर'बद्दल फोन केला. तो माणूस म्हणतो, "आमच्या स्पर्धेत इतर नावाचा खेळ नाही."

"म्हणजे रस्सीवाले येतील आणि बाकीचे नाही?"

"तुमच्या नावात जे आहे ते येईल."

थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडंच वाटलं. आमचं काही अडत नाही. दोरीउड्यांवाल्यांचं पुढच्या वर्षी बघू. जेवताना हिला हे असंच सांगितलं. ती ताटातलं तसंच टाकून उठली. पोट बिघडलंय म्हणाली.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज मतदान. 'व इतर'च्या बाजूने जेवढे हात, विरोधात तेवढेच. पुन्हा मोजले, तेवढेच. ताणदोरीवाल्याने दोन्ही वेळा हात वर केला होता, म्हणाला त्याच्या विभागात फूट आहे. त्याला दोन्हीकडून वगळला. तरी तेवढेच.

अध्यक्ष म्हणाले, "आता?"

आता काय! सासऱ्यांनी पहिल्या दिवसापासून घालून दिलेला रिवाज आहे. हात सारखे पडले की तोंडं बंद करायची आणि रस्सा बाहेर काढायचा. जो ओढून नेईल त्याचं खरं. दाराचा रंग, पंखा कुठे लावायचा, मागचे तीन खजिनदार, सगळं असंच ठरलंय. दोन्हीकडची माणसं किती, ते बघायचं नाही. वजन मात्र सारखं लागतं. तीनपैकी दोन ओढी जिंकेल त्याने नाव ठेवायचं. तारीख ठरली, २२ मार्च.

रस्सीवाले गालातल्या गालात हसायला लागले. आमच्यासमोर कोण? उड्या मारणाऱ्या बायका, झाडावरची खार आणि एक कॅशिअर! मलाही हसू आलं. टीचर मात्र शांतपणे म्हणाल्या, "बरं." आणि निघून गेल्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून घरी सराव. रस्सा पलंगाच्या पायाला बांधतो आणि ओढतो. पलंग सरकू नये म्हणून हिला त्यावर बसवलं. ती बटणं लावत बसते. एकीकडे सूचना. "टाच आत घ्या. बाबा टाच आत घ्यायचे." म्हटलं, मला शिकवू नकोस, मी खुंटा आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "झटका द्यायच्या आधी तुमचा डावा खांदा उचलतो. प्रत्येक वेळी."

"उचलू दे. समोरच्याला कुठे दिसतंय?"

"हो ना," म्हणाली, आणि दात लावून दोरा तोडला.

एक बरं झालंय. हिची भूक परत आलीय. आज उकडलेली अंडी चार खाल्ली, वर बटाटे. बघून समाधान वाटलं. म्हटलं, खा, खा, अंगाला लागू दे. म्हणाली, "तेच चाललंय."

५ मार्च, गुरुवार

धपधप बंद झाली म्हणून व्यवस्थापकाचे आभार मानायला गेलो. तो म्हणाला, "मी अजून काही केलं नाही." आता धपधपीच्या जागी गच्चीवरून काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज येतो. पाण्याची टाकी ओढतात की काय, देव जाणे.

मेहुणा सरावाला येतो, पण कामाचा नाही. हिच्याकडे बघतो आणि हसतो. काल मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या वडिलांच्या नावाचा प्रश्न आहे. काही वाटतं का?"

म्हणाला, "भावजी, मला तर फार वाटतंय. बाबा असायला हवे होते बघायला."

चांगला मुलगा आहे, पण थोडा कमीच.

१५ मार्च, रविवार

वजनं. दुकानातला मोठा काटा हॉलवर नेला. आम्ही आठ जण एकेक करून चढलो. मी स्वतः काटा बघितला, पोट आत घेऊन फरक पडत नाही हे सगळ्यांना पुन्हा एकदा समजावलं. बायका म्हणाल्या, परपुरुषासमोर वजन करणार नाही. मग पडदा लावला, काट्याजवळ टीचर. आम्ही बाहेर. आतून एकेकीचं "अगं बाई!" ऐकू येत होतं. खार आणि कॅशिअर बाहेर येताना लाजल्यासारखे दिसले.

टीचरनी बेरीज सांगितली. आमच्यापेक्षा बरंच कमी. मी म्हटलं, "कमी पडतंय. हवं तर आमच्यातला एक उसना घ्या." (उदारपणा!)

"नको. आमची एक यायचीय अजून. खुंटा. तिचं वजन घरी केलंय, ते धरलं तर बरोबर बसतं."

"तुमचा खुंटा बाई आहे?"

"हो."

"रस्सा धरलाय का तिने कधी?"

टीचर म्हणाल्या, "लहानपणी धरायची म्हणे."

मी घरी येऊन हिला हे सांगून पोट धरून हसलो. तीही हसली. इतक्या दिवसांनी दोघं एकत्र हसलो.

२१ मार्च, शनिवार

उद्या. जीव थाऱ्यावर नाही. वरवर कितीही हसलो तरी खरं काय ते इथे लिहितो. मला पाटीची भीती वाटते. ती कोरी झाल्यापासून मी मान खाली घालून हॉलमध्ये शिरतो. दुकानात मी काटेवाला, घरात मी 'अहो', पण त्या पाटीखाली मी कोणीतरी असतो. सासऱ्यांनी माझ्या हातात टोक दिलं तेव्हा म्हणाले होते, "सोडायचं नाही." त्या वेळी ही बाजूलाच उभी होती. त्यांच्या पायाशी बसून ही लहानपणी रश्शाच्या मध्यावर लाल चिंधी बांधायची, असं सासूबाई सांगायच्या. हिला या सगळ्याचं काहीच कसं वाटत नाही?

संध्याकाळी हिने विचारलं, "उद्या समजा समोर कुणी ओळखीचं निघालं तर?"

"समोर कोणी का असेना, ओढणार."

"नक्की?"

"नक्की म्हणजे! सोडलं तर नावाचा खुंटा नाही."

"मग ठीक आहे," म्हणाली. इतक्या खुशीत मी तिला बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. उद्या बघायला ये म्हटलं तर म्हणते, जमलं तर येईन.

२२ मार्च, रविवार

हात सोलवटले आहेत, पेन धरवत नाही. तरी लिहितो, सगळं लिहितो.

हॉलमागच्या मैदानात बरीच गर्दी. शिंपीसुद्धा दुकान बंद करून आलेला. ही कुठे दिसेना. आम्ही रस्सा उचलला. मी पाठीवर घेतला, रेललो, आभाळाकडे बघितलं. त्यांचा खुंटा अगदी शेवटी आला म्हणे. मला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या बाजूला मात्र कुजबुज सुरू झाली, आणि मेहुणा, जो माझ्या पुढेच उभा असतो, गदागदा हलायला लागला. मी म्हटलं, नीट उभा राहा!

"धरा. ताणा. ओढा!"

पहिली ओढ आम्ही नेली. लोणी कापावं तशी. 

दुसऱ्या वेळी मात्र काहीतरी भलतंच झालं. त्या ओढेनातच! नुसत्या धरून राहिल्या. आम्ही झटके मारतो आहोत आणि पलीकडे भिंत. दोरीउड्यांवाल्या त्या, दमतच नाहीत. टीचर सावकाश मोजत होत्या, आमची नुसती दमछाक झाली. मी शेवटचा मोठा झटका द्यायला गेलो, तर झटक्याच्या आधीच पलीकडून कुणीतरी ओरडलं, "आत्ता!" आणि रस्सा उलट्या बाजूला गेला. आम्ही आठही जण फरफटत गेलो. ताणदोरीवाला म्हणाला, आमचा विभाग जिंकला.

तिसऱ्या ओढीसाठी बाजू बदलायच्या होत्या. मी कपडे झटकत निघालो, आणि समोरून त्यांचा खुंटा आला. क्रेप बँडेज. घरची जुनी सलवार. रस्सा बगलेखालून पाठीवर टाकलेला, अगदी सासरे टाकायचे तसा, टोक डाव्या हाताला. आणि त्या दोराच्या मागे माझी बायको.

मी म्हटलं, "तू?"

"मी."

"घरी कोण आहे?"

"घरी कोण असणार? कुलूप लावलंय."

म्हणजे गच्चीवर ती. बाल्कनीतली दोरी ती. चार अंडी ती. मी म्हटलं, "अगं, पण ते नाव तुझ्या वडिलांचं."

"बाबांचं काय ते मला माहीत आहे. चिंधी मी बांधायचे." मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "एक सांगते. आता दया दाखवून सोडलंत, तर घरात पाऊल ठेवू नका."

मी दोन पावलं मागे सरलो आणि माझ्या जागेवर गेलो. म्हटलं, ओढायचं. तिनेच सांगितलंय, ओढायचं.

"धरा. ताणा. ओढा!"

मी ओढलं. शपथ घेऊन सांगतो, आयुष्यात ओढलं नसेल तेवढं ओढलं. टाचही आत घेतली. आमचे सगळे विव्हळत होते, पलीकडे टीचर मोजत होत्या, चिंधी मध्येच थरथरत उभी. ना इकडे, ना तिकडे. इतका वेळ कुठलीच ओढ चालली नव्हती. रश्शावरच्या हाताला कळतं पलीकडे कोण आहे. मला कळत होतं की ती शेवटच्या जोरावर आहे. मीही होतो. अजून थोडं मागे रेललो असतो तर आम्ही नेली असती. मला हे माहीत होतं, आणि वर आभाळ स्वच्छ होतं.

मी समोर बघितलं.

माणसांच्या त्या लांब रांगेपलीकडे ती आभाळाकडे तोंड करून रेललेली. मान ताणलेली, डोळे मिटलेले, तोंड लालबुंद. इतक्या वर्षांत मी तिला कशासाठी एवढा जीव लावताना पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलंच नव्हतं म्हणा. मला रडू यायला लागलं. हात सोडले नाहीत, पण खुंटा पुढे झुकला की बाकीचे सात काय करणार? चिंधी त्यांच्या बाजूला गेली, मागोमाग आम्ही.

मग आरडाओरडा. खार आनंदाने खांबावर चढला. अध्यक्षांनी विचारलं, "जिंकणाऱ्यांनी नाव सांगावं." टीचरनी हिला पुढे केलं. ही अजून धापा टाकत होती. म्हणाली, "दोरखेळ संघटना."

मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या आठांनीही. अध्यक्ष म्हणाले, "इतकं साधं! इतके महिने हे कुणाला कसं सुचलं नाही?"

ही माझ्याकडे बघत होती. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

घरी येताना तिने विचारलं, "सोडलंत का?"

"नाही."

"खरं सांगा."

"सोडलं नाही. समोर बघितलं."

कोपऱ्यावर ती म्हणाली, "बाबा रागावले असते." आणि माझ्या सोलवटलेल्या हाताला हात लागला तो तसाच राहू दिला. दोघांनाही झोंबत होतं.

२४ मार्च, मंगळवार

महासंघाला नाव कळवलं. तो माणूस म्हणाला, "हे बरोबर आहे. महिलांचा प्रवेश पक्का." मी त्याला सांगितलं की त्या संघात माझी बायको आहे. त्याने विचारलं नव्हतं. दुकानात काटा घेऊन आलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही विचारलं नव्हतं.

पेंटरने पाटी रंगवली. नाव इतकं लहान की अर्धी पाटी उरली. म्हणाला, "साहेब, रिकामं वाईट दिसतं, काय टाकू?" मी म्हटलं, मध्यावर एक लाल चिंधी काढ. त्याने काढली, थोडी मिरचीसारखी झालीय. गादीवाला पुन्हा आला होता, पाटी वाचून परत गेला.

२८ मार्च, शनिवार

बाजारातून दोरी आणली. दुकानदाराने विचारलं, कपडे वाळत घालायला का? म्हटलं, एक कपड्यांना. दुसरी वेगळी बांध.

घरी हिने दुसरी उलगडली, पायाखाली दाबून दोन्ही टोकं वर धरली. म्हणाली, "मापाची नाही. मला लांब होते."

"तुला नाहीच ती."

तिने दोरीकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, आणि खाली बसून हसली. हसता हसता डोळे पुसले.

२९ मार्च, रविवार

सकाळी गच्चीवर. तिच्या दोनशे झाल्या, माझ्या चार. पाचवीला दोरी चष्म्यात अडकली. ती म्हणाली, खांदा उचलू नका.

तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत इमारतीचा व्यवस्थापक वर आला. लिफ्ट बंद आहे. म्हणाला, "काका, तुमची जानेवारीतली ती तक्रार होती ना, गच्चीवर कोण धपधप करतं म्हणून? आज म्हटलं बघूनच टाकू. कोण आहे?"

मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"आम्ही," म्हटलं.